छत मोजण्याआधी बिल वाच

अगं, तिन्ही सोलरवाले आले आणि तिघांनीही आधी टेप काढून छत मोजलं, असं तू फोनवर म्हणालीस. मोजू देत. पण फाउंड्रीला सोलर किती फायद्याचं, हे महावितरणच्या बिलावर आणि परवानगीच्या कागदांवर ठरतं. पॅनेलचा भाव आपण सगळेच विचारतो, परवानगीला किती दिवस लागतील आणि त्या दिवसांचा भाव काय, हे फार थोडे विचारतात. समज, 300 किलोवॉटचा प्लांट आहे. घासाघीस करून वॉटमागे पन्नास पैसे कमी केलेस तर दीड लाख वाचले. तोच प्लांट छतावर तयार होऊन नेट मीटरची वाट बघत तीन महिने नुसता बसला, तर? आपल्याकडे एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिटं धर. रोजची बाराशे, तीन महिन्यांची एक लाख आठ हजार. युनिटमागे सात रुपये वाचणार असले, तर साडेसात लाख रुपये नुसत्या थांबण्यात गेले. म्हणून मी सांगतो त्या क्रमानं जा.

पहिलं काम, गेल्या बारा महिन्यांची बिलं टेबलावर मांड. खालची एकूण रक्कम पाहू नकोस. टीओडीच्या ओळी पाहा, म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळेत किती युनिटं जळली आणि त्या वेळेला दर किती लागला. फाउंड्री दाजी बघायचे तेव्हा ते मेल्टिंग रात्री का घ्यायचे, आठवतं? कित्येक वर्षं रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत युनिटमागे दीड रुपया सवलत होती. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडचे फाउंड्रीवाले रात्रीच फर्नेस पेटवायचे आणि दिवसा मोल्डिंग, फेटलिंग करायचे. कामगारांच्या पाळ्या, कोअर शॉप, डिस्पॅच, सगळं त्या दीड रुपयाभोवती बसलेलं होतं.

आता वारं फिरलं आहे. केंद्र सरकारनं जून 2023 मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. तिच्यात असं आहे की, दिवसाचे आठ तास सौर तास धरायचे आणि त्या वेळेचा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवायचा. गर्दीच्या वेळेचा दर उद्योगांना किमान 1.2 पट लावायचा. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या 2025 च्या दर आदेशात सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच ही सवलतीची वेळ झाली आणि संध्याकाळी पाच ते रात्री बारा ही महाग वेळ. या आदेशावरून पुष्कळ वाद झाले, फेरविचारही झाला. त्यामुळे आकडा माझ्याकडून घेऊ नकोस, हातातल्या ताज्या बिलावर छापलेला घे. पण दिशा मात्र नीट लक्षात ठेव. रात्र स्वस्त होती, आता दिवस स्वस्त होतोय.

याचा सोलरशी संबंध काय? फार मोठा आहे, आणि कोटेशनमध्ये तो दिसत नाही. सोलरवाला तुझ्या बिलाची एकूण रक्कम एकूण युनिटांनी भागतो आणि म्हणतो, मॅडम, तुम्हाला युनिट अकरा रुपयांना पडतं, आमचं साडेतीनला पडेल. त्या अकरात डिमांड चार्जेस आहेत, ते सोलरनं फारसे हलत नाहीत. त्यात संध्याकाळचा महाग दरही मिसळला आहे, आणि संध्याकाळी ऊन नसतं. तुझं सोलरचं युनिट दिवसाच्या, सवलत मिळालेल्या युनिटाची जागा घेणार आहे. म्हणून बचतीचा दर काढताना दिवसाच्या खान्यातला ऊर्जा आकार घे, त्यातून टीओडीची सवलत वजा कर, त्यात युनिटावर लागणारा वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क मिळव. येईल तो खरा आकडा. तो अकरापेक्षा बराच खाली असेल. तरीही प्लांट परवडेल, पण चार वर्षांत पैसे वसूल होणार की सहा, ते इथेच कळतं.

मग प्लांट केवढा घ्यायचा? नियमानं तुला कॉन्ट्रॅक्ट डिमांडपर्यंत जाता येतं. सोलरवाला तेवढाच सुचवणार, कारण त्याचा धंदा किलोवॉटवर आहे. तू लोड सर्व्हे काढून घे. एचटी, म्हणजे उच्चदाबाच्या, मीटरमध्ये तो साठलेला असतो, अर्ज केलास की मिळतो. त्यात दर काही मिनिटांचा लोड दिसतो. सकाळी नऊ ते पाच या वेळेत तुझा कमीत कमी लोड किती आहे ते बघ, कामाच्या दिवशी आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, दोन्ही.

आयोगाच्या 2019 च्या रूफटॉप विनियमांत वजावटीची रीत दिली आहे. टीओडी लागू असलेल्या ग्राहकाची सोलरची युनिटं आधी त्याच वेळेच्या खान्यातल्या वापराशी वजा होतात. त्या खान्यात वापरापेक्षा जास्त निर्मिती झाली, तर जास्तीची युनिटं कमी गर्दीच्या, म्हणजे स्वस्त खान्यात धरली जातात. पूर्वी स्वस्त खाना रात्रीचा होता, त्यामुळे दिवसाची शिल्लक रात्रीच्या मेल्टिंगला कामी यायची. स्वस्त खाना दिवसाकडे सरकला की ती शिल्लक दिवसातच अडकते. तू मेल्टिंग रात्री ठेवलंस आणि छतभर पॅनेल लावलीस, तर दिवसा युनिटं ग्रिडमध्ये जातील आणि फर्नेसचं बिल जवळपास तसंच राहील. म्हणून आधी पाळ्यांचं ठरव. दोन हीट रात्रीतून दिवसावर सरकवता येत असतील, मोल्ड आदल्या संध्याकाळी तयार ठेवता येत असतील, तर प्लांट मोठा घे. कामगार, ग्राहकांच्या डिलिव्हऱ्या, सँड प्लांटची क्षमता यामुळे ते जमणार नसेल, तर प्लांट कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्टिंग, मशीन शॉप आणि ऑफिसच्या दिवसाच्या लोडाएवढाच ठेव. लहान प्लांट लावल्याबद्दल कुणी नावं ठेवली तर ठेवू देत. आणि वाढवायचा झाला तर छत कुठं पळून जात नाही, फक्त वायरिंग आणि एसीडीबीमध्ये, म्हणजे एसी वितरण पेटीत, पुढची जागा आत्ताच ठेवून घे.

आता परवानग्या. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

सगळ्यात आधी बिलावरचं नाव बघ. दाजींनी मालकी फर्म बदलून प्रायव्हेट लिमिटेड केली, पण वीज जोडणी अजून जुन्या नावावर असेल, अशी मला शंका आहे. एमआयडीसीच्या प्लॉटचा करार, जीएसटी, बिल आणि सोलरचा अर्ज, चारही ठिकाणी नाव एकच पाहिजे. नाव बदलायचं काम आज सुरू कर, कारण त्यात प्लॉटच्या हस्तांतरणाचे कागदही लागतात आणि ते काम सोलरवाला करून देत नाही. वीजबिलाची जुनी थकबाकी किंवा वादातली रक्कम असेल, तर तीही आत्ताच मिटव.

दुसरं म्हणजे छत. जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे आहेत. त्यांच्यावर माणूस चढवू नकोस आणि पॅनेलही नको. आधी पत्रे बदल, ट्रसला वाऱ्याचा आणि पॅनेलचा भार पेलतो का, याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घे. मंजूर नकाशात नसलेली शेड असेल तर तिच्यावर प्लांट लावू नकोस, नंतर विम्याच्या वेळेला तीच आडवी येते. फर्नेसच्या धुराड्याजवळ पॅनेल लावायची नाहीत, तिथली काळी धूळ आठवडाभरात थर धरते.

मग महावितरणला अर्ज. अर्ज ऑनलाइन होतो, पण पोच क्रमांक आणि तारीख छापून फाइलला लाव. ही पोच तुझं हत्यार आहे. फेब्रुवारी 2024 च्या केंद्राच्या दुरुस्तीप्रमाणे तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास 15 दिवसांत संपवायचा असतो. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर प्रस्ताव व्यवहार्य आहे असं धरलं जातं. सोळाव्या दिवशी भांडायला जाऊ नकोस. साध्या, सभ्य भाषेत नियमाचा उल्लेख करून कार्यकारी अभियंत्यांना पत्र दे, त्याचीही पोच घे. बहुतेक वेळा काम तिथंच होतं. नाहीच झालं तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. तिथं वकिलाशिवायही बाजू मांडता येते, फक्त तारखा चोख लागतात.

व्यवहार्यता हातात आल्याशिवाय माल उतरवून घेऊ नकोस. मॉड्यूल केंद्राच्या मान्यताप्राप्त मॉडेल आणि उत्पादकांच्या यादीतलं पाहिजे, आणि त्यातही नेमकं ते मॉडेल पाहिजे, नुसती कंपनी असून भागत नाही. 1 जून 2026 पासून आतल्या सेललाही अशीच यादी लावायचं केंद्रानं ठरवलं आहे. त्यामुळे ऑर्डरवर मॉडेल क्रमांक लिहून घे, आणि पॅनेल उतरल्यावर प्रत्येकाचा सीरियल नंबर डिलिव्हरी चलनाशी ताडून घे. कोटेशन जुनं असेल तर तेही नव्यानं माग, 22 सप्टेंबर 2025 पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे.

विद्युत निरीक्षकांकडे आराखडा उभारणीच्या आधी जातो, आणि काम झाल्यावर तपासणी होऊन चार्जिंगची परवानगी येते. पुष्कळ ठेकेदार पॅनेल बसवून टाकतात आणि मग आराखडा पाठवतात. अर्थिंगच्या पट्टीत, लायटनिंग अरेस्टरमध्ये किंवा केबलच्या आकारात एक शेरा आला की सगळं पुन्हा उघडावं लागतं. ठेकेदाराचे पैसे या टप्प्यांना बांध. माल आल्यावर अमुक, उभारणीवर अमुक, आणि शेवटचा मोठा हप्ता नेट मीटर फिरायला लागल्यावर. ‘काम पूर्ण झाल्यावर’ असे मोघम शब्द करारात येऊ देऊ नकोस, त्याच्या लेखी काम पॅनेल बसलं की पूर्ण होतं.

या तारखांचा आयकराशीही संबंध आहे, सीएंना आधीच विचार. सोलरवर 40 टक्के घसारा मिळतो. पण त्या आर्थिक वर्षात प्लांट 180 दिवसांपेक्षा कमी वापरला गेला, तर पहिल्या वर्षी त्याच्या निम्माच, म्हणजे 20 टक्के. त्यामुळे सप्टेंबरअखेर प्लांट चालू होणं आणि नोव्हेंबरात चालू होणं यात त्या वर्षाच्या कराचा मोठा फरक पडतो. वापर सुरू झाल्याचा पुरावा काय, तर निरीक्षकांची परवानगी आणि महावितरणचा कार्यान्वयनाचा कागद. उलटा हिशेब मांड. सप्टेंबरला चालू करायचा असेल तर अर्ज उन्हाळ्याआधी गेला पाहिजे, आणि छताचं काम पावसाच्या आधी. जून ते ऑगस्ट आपल्याकडच्या पावसात पत्र्यावर माणसं चढवणं मला मान्य नाही.

आता एक गोष्ट, जी तुला कुणीच सांगणार नाही, आणि ती पॅनेल बसल्यावर तिसऱ्या महिन्यात बिलातून कळते. एचटी ग्राहकांना एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर बिल येतं. म्हणजे पॉवर फॅक्टर पडला की वेगळा दंड दिसत नाही, युनिटंच वाढतात. समज, दुपारी तुझा लोड 400 किलोवॉट आहे आणि दाजींनी बसवलेल्या एपीएफसी पॅनेलनं, म्हणजे कपॅसिटर आपोआप जोडणाऱ्या पॅनेलनं, पॉवर फॅक्टर 0.98 ठेवला आहे. त्या वेळी साधारण 81 केव्हीएआर ग्रिडकडून येत असतात, 400 समोर ते काहीच नाहीत. आता सोलरनं 300 किलोवॉट दिले. इन्व्हर्टर नुसते किलोवॉट देतो, केव्हीएआर पूर्वीएवढेच ग्रिडकडून येत राहतात. ग्रिडकडून आता 100 किलोवॉट आणि 81 केव्हीएआर. मीटरला पॉवर फॅक्टर दिसतो 0.78, आणि 100 युनिटांच्या जागी 129 नोंदली जातात. लोडमध्ये काहीही बिघडलेलं नसतं. एपीएफसी पॅनेलच्या डिस्प्लेवरसुद्धा 0.98 झळकत असतं, कारण त्याची सीटी, म्हणजे करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर, लोडच्या बाजूला बसवलेली असते आणि तिला सोलर दिसतच नाही.

उपाय सोपा आहे. एपीएफसीची सीटी मेन इनकमरवर, महावितरणच्या मीटरच्या बाजूला, सोलर जिथं जोडला जातो त्याच्या वरच्या अंगाला असली पाहिजे. कपॅसिटरच्या पायऱ्या लहान करून घे, नुसत्या पन्नास-पन्नासच्या असल्या तर कधी कमी पडतील, कधी जास्त होतील. सुट्टीच्या दिवशी कपॅसिटर अडकून राहिले तर पॉवर फॅक्टर उलटा, पुढे जातो, आणि तोही मोजला जातो. फर्नेसमुळे आपल्याकडे हार्मोनिक्स आहेत, म्हणून साधे कपॅसिटर लावू नकोस, रिअ‍ॅक्टरसह लाव. इन्व्हर्टरमधूनही थोडे केव्हीएआर देता येतात, ती सेटिंग कोण करणार आणि कधी, हे ऑर्डरमध्येच लिहून घे. या सगळ्याचा खर्च प्लांटच्या किमतीच्या मानानं किरकोळ आहे.

डिमांड चार्जेसबद्दल फार आशा ठेवू नकोस. ज्या दिवशी दुपारी ढग येतील आणि नेमकी तेव्हाच हीट चालू असेल, त्या दिवशी डिमांड पूर्वीएवढीच नोंदली जाणार, आणि महिन्याचा आकार त्याच नोंदीवर बसणार. सोलर लावलं म्हणून घाईनं कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी करू नकोस. एक पावसाळा जाऊ दे, आकडे बघ, मग ठरव. वीज गेली की सोलरही बंद पडतं, लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ते तसंच पाहिजे. जनरेटरबरोबर चालवायचं असेल तर त्याचा वेगळा कंट्रोलर लागतो.

ग्रिडला काही पाठवायचंच नाही, सगळं घरात खायचं, असंही करता येतं. तेव्हा नेट मीटरची गरज पडत नाही, मात्र महावितरणला आधी कळवावं लागतं आणि वीज उलट जाणार नाही अशी व्यवस्था बसवावी लागते. दिवसभर लोड सपाट असलेल्या युनिटाला हे बरं. तुझ्यासारख्या कमी-जास्त लोडच्या फाउंड्रीत सुट्टीच्या दिवशीची सगळी निर्मिती वाया जाईल. शिवाय आयोगानं 2020 मध्ये ग्रिड सपोर्ट चार्जेस राज्याची रूफटॉप क्षमता 5000 मेगावॉट होईपर्यंत लावायचे नाहीत असं ठरवलं होतं. म्हणजे कधीतरी हा विषय परत निघणार. पंचवीस वर्षांचा तक्ता दाखवणाऱ्याला विचार, हे चार्जेस लागले तर तुझा आकडा काय होतो.

राहिला ग्रुप कॅप्टिव्हचा प्रस्ताव. दूर कुठंतरी माळावर प्लांट, त्यात तुझे शेअर, आणि वीज ओपन अ‍ॅक्सेसनं तुझ्या मीटरपर्यंत. 2022 च्या हरित ऊर्जा नियमांनी ओपन अ‍ॅक्सेसची अट 100 किलोवॉटपर्यंत खाली आणली, म्हणून आता लहान कारखान्यांकडेही हे लोक येतात. छत लहान असेल तर हा मार्ग चांगला आहे, पण कायद्याची अट दर वर्षी पाळावी लागते. 2005 च्या वीज नियमांप्रमाणे वापरणाऱ्यांकडे मिळून किमान 26 टक्के मालकी आणि वर्षाच्या निर्मितीच्या किमान 51 टक्के वापर असावा लागतो, आणि तोही ज्याच्या त्याच्या शेअरच्या प्रमाणात, दहा टक्के इकडेतिकडे. सर्वोच्च न्यायालयानं 10 डिसेंबर 2021 ला महावितरण विरुद्ध जेएसडब्ल्यू स्टील या प्रकरणात कॅप्टिव्ह ग्राहकांना अतिरिक्त अधिभार लागत नाही असा निकाल दिला. क्रॉस सबसिडी अधिभारही कॅप्टिव्हला नाही. सगळी स्वस्ताई या दोन गोष्टींवर उभी आहे. एखाद्या वर्षी ऑर्डरी कमी आल्या आणि वापर घटला, तर कॅप्टिव्हचा दर्जाच जातो आणि अधिभार त्या अख्ख्या वर्षाचा मागं लागतो. त्यात तुझ्याबरोबर बाकीचे भागीदारही असतात, ज्यांचा धंदा कसा चाललाय हे तुला ठाऊक नसतं.

म्हणून करारात तीन जागा बोट ठेवून वाच. कमीत कमी किती वीज घेतलीच पाहिजे. कायदा किंवा अधिभार बदलला तर भुर्दंड कुणाचा. आणि दर्जा गेला तर जबाबदार कोण. वहन आणि पारेषणाचे आकार आणि वाटेतला तोटा धरून तुझ्या मीटरवर पडणारा दर लिहून माग, प्लांटच्या फाटकावरचा नको.

प्लांट चालू झाल्यावर दर महिन्याला इन्व्हर्टरवरची निर्मिती, नेट मीटरचं आयात-निर्यात आणि बिलावरची वजावट, तिन्ही आकडे एका वहीत शेजारी शेजारी लिहायला अकाउंट्सच्या मुलीला सांग. फरक दिसला तर त्याच महिन्यात पत्र द्यायचं. आणि फेब्रुवारीचं बिल विशेष बघायचं. न वापरलेली शिल्लक 31 मार्चला संपते, तिचे पैसे मिळतात पण फार कमी दरानं. शिल्लक दिसत असेल तर मार्चमध्ये दिवसाचं मेल्टिंग वाढव आणि सँड प्लांटची वार्षिक देखभाल एप्रिलवर ने.